आजीच्या ट्रंकेतली २१३ मनीऑर्डर कुपनं, चार पावत्या आणि सात वर्षांचा खड्डा

आवकजावक

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

देवगड तालुक्यातलं आमचं जुनं घर या मे महिन्यात कौलं उतरवून दुरुस्तीला काढलं. माळ्यावरची आजीची पत्र्याची ट्रंक माझ्या वाट्याला आली, म्हणजे बाकी कुणाला ती नको होती. आत दोन लुगडी, एका काचेचा चष्मा, डांबरगोळ्यांचा चुरा आणि लुगड्याच्या काठाने बांधलेला एक गठ्ठा. काकाला वाटलं जमिनीचे कागद असणार, म्हणून तो जरा हळवा झाला. निघाली मनीऑर्डरची कुपनं. आजोबा मुंबईहून पैसे पाठवायचे तेव्हा फॉर्मच्या तळाची जी चिठ्ठी पोस्टमन फाडून घरच्यांच्या हातात द्यायचा, ती.

मी हिशेबाच्या धंद्यातली. कागद दिसला की आधी तारखेनं लावते, मग वाचते. जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला, नवरा चार दिवस जमिनीवर मांडी घालून जेवला. एकूण २१३ कुपनं भरली. पहिलं ऑक्टोबर १९६१ चं, शेवटचं १२ जानेवारी १९८२ चं. मधले महिने २४४ होतात, म्हणजे ३१ महिन्यांचं कुपन नाही. त्यातले १७ मे महिने आणि ९ गणपतीचे. आधी वाटलं हरवली असतील. मग ट्यूब पेटली, की आजोबा मे महिन्यात आणि चतुर्थीला स्वतःच घरी यायचे, पैसे खिशातून आणायचे. म्हणजे ज्या महिन्याचा कागद नाही, त्या महिन्यात नवरा घरी. वीस वर्षांत असे महिने जास्तीत जास्त ३१, आणि त्यातले पाच कसले ते अजून लागत नाहीत.

थोडी पार्श्वभूमी. लग्न मे १९५४ मध्ये झालं. बाराव्या दिवशी आजोबा देवगड बंदरात पडावात बसून बोटीवर चढले, पावसाळ्याला बोटी बंद व्हायच्या आत मुंबई गाठायची म्हणून. ते थेट १९८३ पर्यंत चाकरमानीच. गिरणीत, साळखात्यात, म्हणजे मागावर विणकामाला. कुठली गिरणी ते घरात कुणालाही धड सांगता येत नाही, "लालबागची" एवढंच. आजी गावी, सासू-सासरे, धाकटा दीर, गोठ्यात दोन बैल आणि पुढे पाच मुलं. (मुलांच्या जन्मतारखांवरून आजोबांच्या फेऱ्या जुळवाव्यात असा चावट विचार केला होता. पण शाळेच्या दाखल्यावर पाचही जणांची जन्मतारीख १ जून. गुरुजींची कृपा.)

आजोबा १९९६ ला गेले, आजी २००९ ला. मला दोघं आठवतात ती सुट्टीतली. मागाच्या आवाजानं आजोबांचे कान गेले होते, ओठ बघून बोलणं ओळखायचे. आजी पाठीमागून बोलली तर ऐकू जायचं नाही, म्हणून ती खळ्याच्या त्या टोकाला जाऊन, समोर उभी राहून, "आयकलात?" असं ओरडायची आणि मग सगळ्या वाडीला कळायचं की आज कुळथाची पिठी आहे. त्या दोघांमध्ये खासगी असं काही मी कधी पाहिलंच नाही.

कुपनांतही नाही. मजकुराला जागा चार बोटं. आजोबा दुसरी शिकलेले, लिहिणार दुसराच कुणी. आजी निरक्षर, वाचणार पोस्टमन नाहीतर शेजारचा मुलगा. तरी त्यातून काहीतरी झिरपतं. "सौ. हिस आशीर्वाद. ३० रु. पाठविले आहेत. तुझ्या पायाचे कळविणे, अनवाणी गोठ्यात जाऊ नये." (१९६४) "भूकंपाचे येथे ऐकले. मागील भिंतीस भेग गेली काय ते कळविणे. रात्री खळ्यात निजावे." (डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप.) "रेशनवर मिलो मिळतो. तुझ्या हातची भाकरी याची होणार नाही." (१९७३. मिलो म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी.) हे शेवटचं वाचलं आणि मी दिवसभर कुणाशी बोलले नाही.

आता माझे घोळ.

सर्वांत मोठा: १९५४ ते १९६१ या सात वर्षांचं एकही कुपन नाही. घरात यावर एक दबकी कुजबुज आहे. मोठी आत्या म्हणते, "तुझो आजो तेव्हा मुंबैत खंय गुंतललो कोणाक म्हायत." म्हणजे दुसरं बिऱ्हाड असावं. माझे बाबा यावर कायम चिडायचे, पण त्यांच्याकडेही उत्तर नव्हतं. खरंच सात वर्षं माणसानं पैसे पाठवले नसतील? गठ्ठा एवढा जपणाऱ्या बाईनं पहिली सात वर्षं मात्र फेकून दिली, हेही पटत नाही.

दुसरं, १९६१ ते ६४ मधल्या रकमा वेड्यावाकड्या. दहा, पंचवीस, पंधरा, आठ, तीस. त्यानंतर एकदम सरळ, महिन्याला तीस, मग चाळीस, चढत चढत १९८१ ला दीडशे.

तिसरं, हस्ताक्षरं चार आहेत. चौथं माझ्या बाबांचं, ते ओळखायला कुणी नको. मॅट्रिकनंतर १९७९ ला ते आजोबांच्या खोलीवर राहायला गेले होते. पण तिथपासून मजकूर पार कोरडा होतो. "१२० रु. पाठविले. पोचल्याचे कळविणे." पाय नाही, भाकरी नाही. शेवटी शेवटी आजोबांचं मन उडालं होतं की काय?

आणि गठ्ठ्याच्या तळाशी चार बारक्या पावत्या होत्या. १९८२ सालच्या, जून, जुलै, ऑक्टोबर, नोव्हेंबर. रकमा ४०, ४०, ५०, ३०. आजोबांचं नाव आहे, म्हणजे त्यांनीच पाठवलेल्या पैशांच्या असणार. पण तेव्हा गिरण्यांचा संप चालू होता, मग त्यांच्याकडे पैसे आले कुठून? आणि पाठवले, तर त्या महिन्यांची कुपनं का नाहीत?

गिरणीवाले, टपालवाले, कोकणवाले, कुणालाही काही सुचलं तर सांगा.

---

शिक्केवाला

टपाल खात्यात ३४ वर्षं काढली, निम्मी कोकणात. तुमच्या पावत्यांपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही उलटं धरलंय.

मनीऑर्डरच्या कागदाचे भाग नीट ध्यानात घ्या. फॉर्मचं कुपन घेणाऱ्याला. फॉर्मचीच पोच, तिच्यावर घेणाऱ्याची सही किंवा अंगठा, ती फिरून पाठवणाऱ्याकडे. आणि पैसे भरताना खिडकीवर जी छोटी पावती मिळायची ती पाठवणाऱ्याची, तिच्यावर नाव लिहीत ते पैसे घेणाऱ्याचं. तुमच्या चार पावत्यांवर आजोबांचं नाव आहे, म्हणजे पैसे आजोबांना गेले. पाठवणारं माणूस वेगळं. शिक्का बघा. मुंबईचा असेल तर मी खोटा.

आता सात वर्षं. बाई, तुम्ही शहरात वाढलात असं दिसतं, रागावू नका. १९५४ ला नवी सून घरात आहे, सासरा जिवंत आहे, आणि मुलगा मुंबईहून पैसे बायकोच्या नावावर पाठवतो? गावात त्याचं हसं झालं असतं आणि तिचं जिणं मुश्कील. मनीऑर्डर यायची ती घरच्या कर्त्याच्या नावावर. मी स्वतः शेकडो वाटल्यात. म्हातारा ओट्यावर बसून मोजून घ्यायचा, सून दाराच्या आड उभी. कुपनही म्हाताऱ्याकडेच. जुन्या घरांत असे कागद तारेच्या आकड्यात ओवून वाशाला टांगत. धाऱ्याच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या पावत्या, दुकानाची बिलं, कुपनं सगळं एका तारेत. तुमच्या पणजोबांची तार शोधा.

सहज म्हणून सांगतो, कुपनावर तारीख पुसट असेल तर पत्त्यावरून काळ लागतो. आणे दिसले तर एप्रिल १९५७ च्या आधीचं. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. जिल्हा रत्नागिरी लिहिला असेल तर साधारण १ मे १९८१ पूर्वीचं, त्या दिवशी सिंधुदुर्ग वेगळा झाला. पण लोक पुढेही बरीच वर्षं रत्नागिरीच लिहीत, आणि आम्हीही मुकाट पोचवत होतो.

अंगठा घेताना साक्षीदाराची सही लागायची. आजोबांकडे गेलेल्या पोचा कुठे सापडल्या तर तुमच्या आजीचे दोनशेच्या वर अंगठे एका जागी मिळतील.

---

लालबागकर

आमची खानावळ होती हो, पेरूच्या कंपाउंडजवळ. आई सकाळ-संध्याकाळ अठरा माणसांचं रांधायची. तुमचे आजोबा आमच्याकडे जेवले नसतील कशावरून!

वेड्यावाकड्या रकमांचं सोपं आहे, आजोबा तेव्हा बदली होते. बदली कामगार म्हणजे पाळी सुटायच्या-लागायच्या वेळी गेटावर जाऊन उभं राहायचं. कायम माणसांपैकी कुणी आला नाही तर त्याच्या मागावर तुम्हाला काम, नाहीतर घरी जा. महिन्यात दहा दिवस मिळाले तर दहा दिवसांचा पगार. मुकादम ओळखीचा असेल तर वीस. अशी पाच-पाच, दहा-दहा वर्षं लोकांनी काढली. १९६४ ला रक्कम सरळ झाली ना? तेव्हा त्यांना कायम केलं. त्या महिन्याचं कुपन परत वाचा, कदाचित लिहिलेलंही असेल.

खोलीचं सांगते. तुमच्या गावकीची खोली असणार. दहा बाय बाराचा गाळा, त्यात तीस-पस्तीस माणसं, तीन पाळ्यांत आलटून पालटून झोपणारी. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. बायकामाणसाला तिथे पाऊल ठेवायला जागा नाही, मग बिऱ्हाड कसं करणार? दुसरं बिऱ्हाड राहू द्या, पहिलंच आणता येत नव्हतं.

आणि प्रत्येक खोलीत एक लिहिणारा असायचा. आमच्या बाबांचं काम ते. पगार झाला की रविवारी बाबा भिंतीला टेकून बसायचे, मांडीवर पाट, आणि एकेकजण सांगायचा. सगळ्यांसमोर! पण त्यात लाज नसायची, कारण सगळ्यांचं दुखणं एकच. बाबा हसत लिहायचे आणि कधी कधी मजकूर सुधारायचे. "पाय दुखतो का विचार" म्हटलं की "तुझ्या पायाचे कळविणे" हे बाबांचं. तुमच्या आजोबांचे पहिले तीन लिहिणारे म्हणजे असेच तीन खोलीवाले. एक गावी परत गेला की दुसऱ्याकडे पाट.

मग १९७९ ला लिहायला कोण बसलं? पोटचा मुलगा. आता मला सांगा, मॅट्रिक झालेल्या मुलासमोर त्या पिढीचा बाप "तुझ्या हातची भाकरी" म्हणणार आहे का? मन उडालं नव्हतं हो. लिहिणारा बदलला.

संपाचं मी लिहायला घेतलं तर थांबणार नाही. १८ जानेवारी १९८२ ला बंद झालं ते झालंच. अडीच लाख माणूस. निम्मी खोली गावी गेली. जे राहिले ते "पुढच्या महिन्यात मिटेल" या आशेवर. आईनं कुणाला ताट नाही म्हटलं नाही, पण आमटी पातळ होत गेली. कित्येकांनी ती उधारी तीन-चार वर्षांनी गावाहून तांदूळ आणून फेडली. काहींनी नाही फेडली, त्यांची नावं आई घेत नाही.

---

रोखठोक

दोन्ही प्रतिसाद छान, पण जरा गोड होतंय असं नाही वाटत? पणजोबांच्या नावावर पैसे येत असतील म्हणून ते येत होते असं सिद्ध होत नाही. गिरणगावात दुसरं घर केलेली माणसंही होती, आमच्याच घराण्यात एक नमुना आहे. आत्या १९५४ च्या जास्त जवळची, की आपण? पुरावा आणा.

---

आवकजावक

शिक्केवाला काका, तुम्ही खोटे नाही. भिंग लावून पाहिलं. चारही पावत्यांवर शिक्का आमच्याच तालुक्यातला आहे. पैसे गावाहून मुंबईला गेले आहेत. मी गेली तीन आठवडे त्या पावत्या खर्चाच्या बाजूला धरून बसले होते आणि त्या जमेच्या होत्या. की उलट? माझं डोकंच चालेना.

लालबागकरताई, मार्च १९६४: "कायम झालो. मुकादमास नारळ दिला." पायाची चौकशी केलेलं कुपन त्याच्याच पुढच्या महिन्यातलं.

रोखठोक, तुमचं म्हणणं बरोबर आहे. माझ्याकडे पुरावा नाही. कसा आणू?

---

सातबारा

महसुलात आहे, म्हणून माझ्या परीने. पणजोबा कधी वारले ते शोधा. गावात मृत्यूची नोंद सापडली तर उत्तम, नाहीतर जमीन असलेला माणूस गेला की वारसनोंद होते. तलाठ्याकडे गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार. जुने बाड तहसीलच्या अभिलेख कक्षात गेले असतील, तिथे नकलेचा अर्ज करायचा. कुपनं ऑक्टोबर १९६१ ला सुरू होतात. पणजोबा त्याच्या थोडेच आधी गेले असतील तर शिक्केवाल्यांचं म्हणणं खरं. १९५० ला किंवा १९७० ला गेले असतील तर रोखठोक जिंकले.

दुसरं, मी वेंगुर्ल्याचा, आमची शेती आहे, म्हणून तुमच्या चार महिन्यांकडे लक्ष गेलं. जून, जुलै: लावणी. ऑक्टोबर, नोव्हेंबर: कापणी-मळणी. कोकणात बाईमाणसाच्या हातात रोख मजुरी पडते ती याच दिवसांत. ऑगस्ट-सप्टेंबरला रान तुडुंब, पण काम नाही. बाकी तुम्ही समजून घ्या.

---

लालबागकर

सातबारा, अंगावर काटा आला.

---

आवकजावक

उशिरा लिहिते आहे, क्षमस्व. मधे दोनदा गावी जाऊन आले, एकदा रजा टाकून आणि एकदा खोटं बोलून.

फेरफाराची नक्कल मिळाली. पणजोबा श्रावणात वारले, १९६० साली. वारसनोंद मंजूर जुलै १९६१, दोन नावं, आजोबा आणि धाकटे आजोबा. त्यापुढे तीन महिन्यांनी आजीच्या नावाचं पहिलं कुपन. मधल्या वर्षभरात पैसे सासूच्या नावावर येत असणार असं धाकट्या आजोबांचा मुलगा म्हणाला. त्याला ते कसं माहीत म्हणून विचारलं, तर म्हणाला, "तार आमच्याकडे आसा ना."

तार होती! वाटणीत ते घर त्यांच्याकडे गेलं आणि तारही तिथेच वाशाला राहिली. धुरानं काळी, खालचे कागद उंदरांनी खाल्लेले. धाऱ्याच्या पावत्या, बैलखरेदीची एक चिठ्ठी, आणि वरच्या अंगाला मनीऑर्डरची कुपनं. वाचता येतील अशी ४१. सर्वांत जुनं जुलै १९५४ चं, लग्नानंतर दोन महिन्यांचं, बारा रुपये. रोखठोक, ४१ कुपनांनी सात वर्षं भरत नाहीत, हे तुमच्या आधी मीच सांगते. पण माणूस गुंतला होता म्हणावं इतका मोठा खड्डाही आता उरत नाही. पणजोबा होते तोवर सलग चार महिन्यांपेक्षा जास्त खंड कुठेच नाही, आणि ते चार महिने १९५८ चे, बहुतेक काम नसल्याचे.

ही सगळी कुपनं "ती. बाबांस" आहेत. "सा. न. वि. वि." आणि हिशेब. आजीचं नाव एकदाही नाही. सुरुवातीला मी हिरमुसले. मग लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक कुपनाच्या शेवटी "घरातील मंडळीस खुशाली सांगणे" आहे. मला वाटलं घरच्या लोकांना. आत्या वैतागली. म्हणाली, "अगो, मंडळी म्हणजे आवस!" आवस म्हणजे आई, माझी आजी. तेव्हाची रीत. बायकोला बापासमोर "बायको" म्हणायचं नाही, "मंडळी" म्हणायचं. म्हणजे ४१ पैकी ३८ कुपनांत आजी आहे. आता मला सगळीकडे नुसती "नमस्कार मंडळी" म्हणायची पंचाईत झाली आहे.

पावत्यांचं आत्याला विचारायला धीर होत नव्हता. तिच्यासमोर चार कागद ठेवले आणि महिने वाचून दाखवले, बाकी काही बोलले नाही. ती बराच वेळ सुपारी कातरत बसली. मग म्हणाली, "आवस खाडयेपलीकडे लावणेक जाय. आमच्या वाडीत नको, लोकां हसतली. माका सांगलेली, खंय बोलू नको." खाडीपलीकडे, म्हणजे होडीनं जायचं, दिवसभर पाण्यात वाकून रोप लावायचं आणि तिन्हीसांजेला परत. वय चव्वेचाळीसच्या आसपास. घरची लावणी पहाटे उरकून. घरात पाच पोरांची आई, चाकरमान्याची बायको, जिला वाडीत "मुंबैच्या पैशावाली" म्हणायचे. पैसे आजोबांना पोचले का, त्यांना ते कुठून आले ते कळलं का, हे आत्याला माहीत नाही. बाबा तेव्हा त्याच खोलीवर होते. त्यांनी आयुष्यभर यातलं अवाक्षर काढलं नाही. त्यांना माहीत होतं की नव्हतं, हे आता विचारायला ते नाहीत.

आजोबांकडच्या पोचा, म्हणजे आजीचे अंगठे, मिळाले नाहीत. खोली सोडताना ट्रंक कुणाला तरी देऊन टाकली म्हणे. शिक्केवाला काका, मला याचं फार वाईट वाटलं.

उरलेल्या पाच महिन्यांतला एक फेब्रुवारी १९७४ आहे, तेव्हाच्या बेचाळीस दिवसांच्या संपातला. चार अजून लागत नाहीत. लागले नाहीत तरी चालेल.

एक मात्र विचारायचं आहे, तुमच्यापैकी कुणाला जुन्या घरखर्चाची कल्पना असेल तर. तारेतलं एक कुपन दसऱ्याच्या सुमाराचं, १९५६ चं. रक्कम ३० रुपये, एरवीपेक्षा चांगलीच जास्त. मजकूर असा: "यातून मंडळीस लुगडे घ्यावे." कुपनाच्या पाठीवर पणजोबांनी खर्च टिपला आहे, बोरूनं, ठळक. धारा ६. मीठमिरची ४. घासलेट २. वैद्य ३. दुकानाची उधारी १०.

बेरीज पंचवीस. मी तीनदा केली. लुगडं यादीत नाही आणि पाच रुपयांचा हिशेब लागत नाही. आत्या म्हणते, म्हातारा सुनेच्या लुगड्याचं कागदावर कशाला लिहील, गपचूप आणून दिलं असेल. "म्हातारो तसो वायट नव्हतो." काका म्हणतो, पाच रुपयांची ताडी झाली.

ट्रंकेत दोन लुगडी होती हे मी वर लिहिलंच आहे. एक नेहमीचं, हिरवं, मला आठवणारं. दुसरं लाल, घडीवर विरलेलं, काठ उसवलेला. गठ्ठा बांधला होता तो त्याच काठानं. १९५६ ला पाच रुपयांत लाल लुगडं यायचं का हो?